दुसऱ्या भागाचा निकाल

सुदामा नगरात कुठला पिक्चर बघावा आणि कुठला सोडावा हे सांगायचा मान गोपीनाथराव फणसे यांच्याकडे कसा आला, ते आता कोणालाच आठवत नाही. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून ते रिटायर झाले, त्याच्याही आधीपासून तो आहे. शुक्रवारी पहिला शो बघायचा आणि रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या दुकानापाशी उभं राहून एका शब्दात निकाल द्यायचा: ‘बघा’ किंवा ‘सोडा’. कारणं देणं त्यांना कमीपणाचं वाटे. कोर्ट कारणं देतं, म्हणूनच तिथे इतका वेळ लागतो, असं त्यांचं मत होतं. फणशांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. तलवार गेली, जमीन गेली. शब्दाला वजन तेवढं राहिलं, आणि तेही पिक्चरपुरतं.

शुक्रवारी शेजारच्या खुर्चीत श्रीहरी देवस्थळी असायचे. ते साताऱ्याहून इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आले, तेव्हा त्यांना घर शोधून दिलं ते गोपीनाथरावांनी. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायला शिकवलं त्यांनीच, आणि टॉकीजमध्ये पडद्याशी बोलायलाही. हे शेवटचं काही जमलं नाही. श्रीहरी गप्प बसत, म्हणून गोपीनाथराव दोघांच्या वाटचं बोलत. “अबे, मागे बघ, मागे!” असं ते हीरोला ओरडून सांगत. हीरो मागे बघे. त्यात आपला काहीच हात नाही, हे गोपीनाथरावांना कधी मनापासून पटलं नाही.

त्या हेराच्या पिक्चरचा पहिला भाग दोघांनी असाच पाहिला होता. शत्रूच्या जनरलच्या घरी आचारी बनून राहिलेला आपला हेर शेवटी बर्फातून एकटा चालत निघतो, तिथे तो संपला होता. गोपीनाथरावांनी अशी शिट्टी मारली की गेटकीपर आत डोकावून गेला. दुसरा भाग येईल तेव्हा सोबतच, हे तिथेच ठरलं.

दुसरा भाग आला, आणि नेमका त्याच शुक्रवारी देवासला गोपीनाथरावांच्या बायकोच्या, सुनंदाबाईंच्या भाचीचा साखरपुडा निघाला. सुनंदाबाईंपुढे कुठल्याच पिक्चरचं काही चालत नाही. शनिवारी संध्याकाळी परतले, तर श्रीहरींचा फोन.

“फणसेजी, तुमचे पैसे वाचले. आमच्या सूनबाईंच्या ऑफिसातले सगळे बघून आले. अगदीच टाकाऊ आहे म्हणे. आपण काही जायला नको.”

“काय बोलता सर! आचाऱ्याचं काय केलं त्यांनी?”

“वाट लावली म्हणे. तुम्हाला बघवणार नाही.”

रविवारी सकाळी गोपीनाथरावांनी निकाल दिला: “सोडा.” आपण पाहिलेला नाही, हे काही ते बोलले नाहीत. कोणी विचारलंही नाही. पूजेला आलेल्या भटजींना आंघोळ केलीत का, असं कोण विचारतं? आणि शब्द श्रीहरींचा होता. तो आणि आपला वेगळा, असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

चार-दोन दिवसांनी समोरच्या घरातल्या अर्पितने त्यांना पोह्यांच्या दुकानापाशीच गाठलं. अर्पित सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि बायकोने तिकिटं आधीच काढलेली असल्यामुळे त्याला निकाल मोडून जावं लागलं होतं.

“काका, पिक्चर तर एकदम गजब आहे! तुम्ही सोडा कसं काय बोलले?”

“आपली-आपली पसंद, भिया.”

“पसंद ठीक आहे. पण तो आचारी जनरलच्या समोर येतो ना, आख्खा हॉल उभा होता. बरं, इंटरव्हल कुठे झाला ते सांगा.”

गोपीनाथरावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. ते आधीच पिळून झालेलं होतं.

“काका, तुम्ही बघितलाच नाही ना?”

अर्पित हळूच बोलला. पण अशा ठिकाणी हळू बोललेलं जास्त लांब जातं. दुकानदाराचा झारा कढईत थांबला. प्लेटी घेऊन उभे असलेले चार जण एकाएकी शेव मागू लागले.

गोपीनाथराव तडक श्रीहरींच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं, इरावतीने.

“या ना काका! बाबा पिक्चरला गेलेत. दुसऱ्यांदा! एवढा आवडलाय त्यांना.”

“कुठला?”

“तोच हो, आचाऱ्याचा. शुक्रवारी आम्ही सगळे गेलो होतो. मी आधी म्हटलं होतं, काका देवासहून आले की सगळे मिळून जाऊ. तर बाबा म्हणतात, फणसेजी शेजारी असले की पिक्चर ऐकूच येत नाही, तेच ऐकू येतात. इतकी वर्षं झाली, एकदा तरी मला शांतपणे बघू दे.” ती खळखळून हसली. ही दोघांमधली जुनी थट्टा असणार, अशी तिची समजूत होती. “तुम्हाला तोंडावरच म्हणत असतील ना?”

“नेहमी,” म्हणून गोपीनाथरावही हसले. ते त्यांना बऱ्यापैकी जमलं. चहा मात्र नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच गेले. घरी राजवाड्याच्या बाजारात काम आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलायची साथ आता त्यांच्या घरापर्यंत आली होती.

पिक्चर चांगला निघाला, हीच पंचाईत झाली. वाईट असता तर श्रीहरी निदान अर्धे तरी खरे ठरले असते. हेराचं नाव त्याच्याच वरच्या साहेबाने शत्रूला विकलेलं असतं, आणि ते शोधून काढायला हेराला तीन देश आणि एक उपग्रह लागतो. गोपीनाथरावांना हा खर्च फाजील वाटला. आचारी ताट घेऊन जनरलसमोर आला तेव्हा हॉल दणाणला. त्यांचीही दोन बोटं सवयीने ओठांशी गेली, आणि तिथेच राहिली. आपल्या आवाजाचा शेजारच्याला त्रास होत असेल, हा विचार त्यांना टॉकीजमध्ये आयुष्यात पहिल्यांदा आला. मग ते मागचे पिक्चर एकेक करून आठवू लागले. कुठल्या पिक्चरला श्रीहरी खरोखर हसले होते आणि कुठल्या पिक्चरला नुसतेच सोसत बसले होते? काही केल्या उलगडेना. त्या नादात समोरचं एक मोठं गाणं निघून गेलं. त्याचं काही नुकसान झालं नाही.

रविवारी ते मुद्दाम वेळेवर पोह्यांना गेले. श्रीहरी प्लेट घेऊन नेहमीच्या जागी उभेच होते. अर्पितही होता, आणि कोणी काही विचारत नव्हतं. हे न विचारणंच गोपीनाथरावांना जास्त लागलं.

“मागच्या रविवारी मी चुकीचं बोललो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पिक्चर बघितला नव्हता. सरांनी फोनवर सांगितलं, म्हणून मी सोडा बोललो.”

सगळ्यांनी श्रीहरींकडे पाहिलं. श्रीहरींनी घास संपवला, रुमालाने मिशी पुसली, आणि वर्गात शंका विचारणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

“मी? काहीतरी गैरसमज होतोय, फणसेजी. मी अजून पाहिलेलाच नाही, तर मी कसं सांगेन?”

अर्पितने गोपीनाथरावांकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, कीव होती. म्हातारा आता आपली चूक दुसऱ्यावर ढकलायला लागला, एवढंच त्याला दिसलं होतं. इरावतीचं नाव घेतलं असतं, तर एका वाक्यात काम झालं असतं. गोपीनाथरावांनी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं. पण त्या भोळ्या पोरीला घरात रोज त्याच माणसासमोर वावरायचं होतं.

“मग बघून घ्या, सर,” ते म्हणाले. “बघण्यासारखा आहे.”

श्रीहरींनी मान डोलावली. कधी जाऊया, असं त्यांनी विचारलं नाही.