आधी वजन आणा

कल्पी कुठल्याही वस्तूला आधी कान लावायची, मग हात. मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या दांडी गावाच्या किनाऱ्यावर, माझ्या होडीला कान लावून बसलेली. बोयसरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आलेली, पाठीवर गिटार. मी म्हटलं, "काय गो, होडीला ताप आलाय काय?"

"आजा, गप ऱ्हा जरा. ही आतून बोलते हाय."

मी एवढी वर्षं तांडेल म्हणून होडी चालवली, खलाशांना गप केलं. मला गप बस म्हणणारी ही दुसरी. पहिली माझी बायको.

तिच्याबरोबर दोघं होते. बोयसरचा राजू प्लास्टिकची निळी पिंपं बडवायचा. डोंगराकडचा लहानू तारपा फुंकायचा, आणि त्याला वायर जोडून असा आवाज काढायचा की कुत्री पळत. माझ्या जाळ्यांच्या खोपीत त्यांचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी मी दारात जाऊन ओरडलो, "आवाज बंद!" दुसऱ्या दिवशी पिंपावर तेच रंगवलेलं. कल्पी म्हणाली, "बँडला नाव मिळत नव्हतं. तुमीच बारसं केलंत." आता रागवायचं तरी कुणावर?

त्यांची गाणी मला कळत नसत. तसं सांगितलं तर ती म्हणायची, "गोड गाणी लोकांकडं पुष्कळ हायत, आजा. आपण खारी करू." पण खारं कुणाला गिळवेना. पालघरच्या कार्यक्रमाला शेवटी एकच माणूस उरला, तोही खुर्च्या उचलायला आलेला. तेव्हा तिच्या बापाने, दामूने, सांगून टाकलं, "माहीमचा कार्यक्रम शेवटचा. तिथं लोक उठले तर गिटार माळ्यावर आणि तू कारखान्यात कायम."

त्या आठवड्यात ती माझ्याकडे हाक मागायला आली. होडी वाळूवर ओढताना एकाने हाक घालायची आणि दोर धरलेल्यांनी "हैयाऽ" करत जोर लावायचा, ही आमची रीत. दांडीत हाक माझी. तिच्यात देवाचं नाव कमी, ओढणाऱ्यांची टिंगल जास्त. हसला की माणूस दमणं विसरतो.

मी साफ नाही म्हटलं. "रिकाम्या हातांना हाक घालायची नसते. माझ्या बापाने घातली नाही, मी घालणार नाही. स्टेजवर तर नाहीच नाही."

दुसरी कोणी असती तर रुसली असती. हिने माझा दोर उचलून कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "मंग वजन आणू."

आणि खरंच आणलं. माहीमच्या वाळूत स्टेज, आणि खाली पाण्याच्या कडेला एका ओळखीच्या नाखव्याची होडी, ओंडक्यांवर चढवलेली. तिचा जाड दोर थेट प्रेक्षकांच्या मधून. भरती चढत होती. कल्पीने माझ्या हातात माईक दिला आणि हात जोडले. दामू मागे हाताची घडी घालून उभा.

माझ्यापुढे होडी होती, दोर होता. मी हाक घातली.

"गॉगलवाल्या पाहुण्याला दोर चावतो काय रं?"

"हैयाऽ!"

"म्हावरा खायला पुढं, ओढायला मागं!"

"हैयाऽ!"

राजूचं पिंप, लहानूचा तारपा, कल्पीची गिटार, सगळं त्या हैयावर येऊन आदळायला लागलं. होडी हलली तशी माणसं खुर्च्या सोडून दोराकडे धावली.

आता माझी चूक. गाणं होतं चार मिनिटांचं. कल्पीने थांबायची खूण केली, राजू "अंकल, बस! खतम!" म्हणून ओरडला. पण होडी अर्ध्यात होती. भरती चढत असताना अर्ध्यात होडी सोडणारा तांडेल मी पाहिलेला नाही. मी थांबलो नाही, म्हणून त्यांनाही वाजवत राहावं लागलं. होडी सुक्या वाळूवर चढली तेव्हा माझा घसा बसलेला, राजूच्या बोटांना फोड आलेले, आणि उठून गेलेलं कोणी नव्हतं. दोराच्या शेवटच्या टोकाला दामू धापा टाकत होता. कल्पी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजा, गाणं मी अर्ध्यात सोडत होते. तुमी पुरं केलंत."

त्यानंतर आमंत्रणंच आमंत्रणं. कारखाना सुटला, तिघंही पुण्याला गेली. माझी खोप शांत झाली. शांत झाली ते मला आवडलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

कार्यक्रमाच्या दिवशी तिचा फोन येतो. कधी ट्रकला दोर बांधलेला असतो, कधी बैलगाडीला. "आजा, वजन लावलंय." मी म्हणतो, "तुझ्या तोंडावर माझा भरोसा नाय. फोन दोराला लाव." ती लावते. दोर ताणल्याची करकर ऐकू आली की मी उठतो आणि माझ्या होडीचा दोर धरतो, कारण रीत मलाही आहे. माझ्या मागे दामू दोर धरतो. मग ती फोन माईकला लावते आणि मी हाक घालतो,

"गिटार माळ्यावर टाकणारा कुठं हाय गो?"

तिकडून पुण्याची माणसं ओरडतात, "हैयाऽ!" आणि मागून दामू, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.