पोटाचं दुखणं

ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत, आमच्या चर्चच्या मंडळीत घरोघरी प्रार्थना ठेवतात. ज्याच्या घरी प्रार्थना असेल त्यानं चहा-पोहे करायचे आणि आपली अडचण सांगायची, मग सगळे मिळून तिच्यासाठी देवाकडे मागतात. यंदा माझी पाळी आली तेव्हा पोहे चांगले झाले होते, अडचण मात्र मला धड सांगता आली नाही. पाळकांनी विचारलं, कोणासाठी मागायचं? मी म्हणाले, मुलासाठी. पोटाच्या दुखण्यानं बेजार आहे, परतूरला माझ्या बहिणीकडे आराम करतोय.

तो परतूरला होता हे खरं. बहीण मला मुळात नाहीच, चुलत बहीण आहे ती नांदेडला. दारूपायी पावसाळ्यात मीच त्याला घराबाहेर काढलं होतं आणि तो तिकडे एका जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलत होता. पण मी पडले संडे स्कूलची बाई. निम्म्या मंडळीची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, चुकली की मी सगळ्यांसमोर कान धरणारी. आता माझाच पोरगा नळाच्या टाकीपाशी पडलेला सापडला होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आमच्या गल्लीत एक रिटायर सिस्टर राहतात, उभा जन्म दवाखान्यात गेलेला. त्यांनी लगेच विचारलं, सोनोग्राफी केली का? मी म्हणाले, केली. काय निघालं? मी म्हणाले, काहीच नाही. इतक्या झटपट थापा सुचतील असं मला स्वतःबद्दल वाटलं नव्हतं. सिस्टर गंभीर झाल्या आणि त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत माझ्या मुलासाठी एकभुक्त राहिल्या. त्यांना शुगर आहे. मी नको म्हणाले, पण फार जोर लावून म्हणाले नाही.

सणाच्या पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात उपासनेला उभे होतो. प्रभू उठल्याची गाणी मी नेहमीसारखी सगळ्यात मोठ्यानं म्हटली. मेलेला माणूस उठला हे मला मनापासून पटतं, त्यात कधी शंका आली नाही. पिणाऱ्याची सुटते हे मात्र पटत नव्हतं. त्याचा बापही सुटली सुटली म्हणतच गेला होता. मुलासाठी प्रार्थना करणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. सिस्टर उपाशी राहून मागत होत्या आणि मी घरी पोटभर जेवत होते.

पुढच्या रविवारी तो चर्चच्या फाटकात उभा दिसला. पहिल्या गाडीनं आला होता. वाळलेला, पण दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. त्याला बघून आधी मला भीती वाटली, की आता कोण काय विचारेल. आनंद मागून झाला. आईला असं होऊ नये.

त्या दिवशी उपदेश होता, उठलेल्या प्रभूच्या जखमांमध्ये बोट घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्यावर. पाळक म्हणाले की त्यालाही प्रभूनं हाकलून दिलं नाही. मी मान डोलावली. मग साक्षीची वेळ झाली. देवानं आपल्यासाठी काय केलं ते कोणीही उठून सांगावं, अशी आमची पद्धत. मुलानं पुढच्या बाकाला धरलं आणि तो उठायला लागला, तेवढ्यात मागून सिस्टर उठल्या. पोटाचं दुखणं, डॉक्टरांना न सापडलेलं, प्रभूनं बरं केलं, आणि बघा, पोरगा आपल्यासमोर बसलाय, असं सांगताना त्या रडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकांनी त्याला म्हटलं, तूही दोन शब्द बोल.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गीतपुस्तक उघडून त्यात तोंड घातलं.

बरा आहे, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी मागितलं, उपकार आहेत, एवढं बोलून तो खाली बसला. बाहेर सिस्टरांनी त्याचा चेहरा हातात धरून तिखट खायचं नाही, चहा कमी करायचा, असं बजावलं. तो सगळ्याला हो म्हणत राहिला.

घरी आल्यावर तो गुमान जेवला. मग ताट सरकवून म्हणाला, "मी आज साक्ष द्यायला आल्तो, आई. नाताळाच्या आधीपासून हात लावला न्हाई. सगळ्यायसमोर सांगायचं व्हतं."

मी म्हणाले, मग का नाही सांगितलंस?

"मंग तू खोटी पडली असतीस."

रागानं बोलला असता तर मला भांडता आलं असतं. भांडण मला जमतं. तो ताट उचलून मोरीत गेला आणि धुऊन आला. मला इतकी लाज वाटली की येत्या रविवारी मी उठून सगळं सांगते, एवढंही तोंडातून निघेना.

संध्याकाळी त्याला सोडायला स्टेशनवर गेले. गाडी लागली तसा तो वाकला, मी त्याला जवळ घेतलं आणि माझं नाक आपोआप त्याच्या तोंडाजवळ गेलं. माझ्या ध्यानात यायच्या आधी ते त्याच्या ध्यानात आलं. तो मागे सरला नाही. लहानपणी घसा दाखवायचा तसं त्यानं तोंड उघडलं आणि माझ्यावर श्वास सोडला.

"बघून घे," म्हणाला.

चहाचा वास आला, आणि बडीशेपेचा. गाडी हलली तरी मी विचार करत होते, यानं बडीशेप कशाला खाल्ली असेल? फलाट रिकामा झाल्यावर मला आठवलं, जेवण झाल्यावर ती मीच त्याच्या हातावर ठेवली होती.