वळचण नसलेली भिंत

कार्ल्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, शहरातल्या थकलेल्या माणसांना शांत बसता यावं म्हणून एक जागा उभी राहत होती. तिथं मातीची भिंत घालायला श्रीपतीला बोलावणं आलं. ती कला त्या टापूत आता त्याच्याच हातात उरली होती, पण तिला मागणी नव्हती; पंधरा वर्षं तो बिगारी म्हणून सिमेंटच्या पाट्या वाहत होता.

आर्किटेक्ट ज्योत्स्ना मॅडम पुण्याच्या, बोलायला गोड. त्यांना अगदी रिकामी खोली हवी होती. कोनाडा नको, रंग नको. छप्परसुद्धा भिंतीशी कापल्यासारखं संपायला हवं. श्रीपतीनं नकाशा दोनदा पाहिला. छपराला वळचणच नव्हती.

घरी त्याची बायको शालन हसली. "वळचण न्हाई? मग पाव्हण्यांनी चपला काय पावसात काढायच्या?" मग गंभीर होऊन म्हणाली, "आपल्याकडं पाऊस आडवा येतो. माती धरायची न्हाई. सांगा त्यांना."

तो सांगायचं ठरवूनच गेला. पण मॅडमनीच आधी विचारलं, "श्रीपतीभाऊ, टिकेल ना? नाहीतर काँक्रीटचीच करते."

"टिकंल," तो म्हणाला.

घरी मात्र त्यानं सांगितलं, बोललो, मॅडम बघते म्हणाल्या.

दोन महिने त्यानं माती तुडवली, थरावर थर चढवला. भिंत अशी उतरली की येणारा-जाणारा तळवा लावून बघे. शालनलाही तिथं झाडलोटीचं काम मिळालं. पावसाच्या तोंडावर त्यानं न विचारता पश्चिमेला गवताचा आडोसा बांधला. फोटो काढायचे म्हणून मॅडमनी तो उतरवला. त्यानं तो पुन्हा बांधला नाही. बांधला असता तर का ते सांगावं लागलं असतं.

जुलैत चार दिवस उघडीप नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी शालन भिंतीच्या बुडाशी साचलेलं पाणी खराट्यानं ढकलत होती. भिंत मधेच फुगली आणि तिच्या अंगावर बसली. श्रीपतीनं हातांनी माती उपसली. शालन जिवंत निघाली, पण कमरेखाली तिला काही कळत नव्हतं.

मॅडम दवाखान्यात आल्या, रडल्या. "भाऊ, एकदा तरी बोलायचं होतं हो."

खाटेवरून शालनच म्हणाली, "ह्यांनी सांगितलं व्हतं की तुमाला. वळचणीचं."

मॅडम श्रीपतीकडे बघत राहिल्या. तो जमिनीकडे. थोड्या वेळानं शालननं मान दुसरीकडे वळवली.

दिवाळीनंतर तिथं काँक्रीटची भिंत उभी राहिली. ती मातीची दिसावी म्हणून वरून मातीचा लेप हवा होता, आणि लेप देणारा दुसरा कुणी नव्हता. श्रीपती गेला. रोज सकाळी तो शालनला पुसून घेतो, तिची कूस बदलतो, उशाशी पाणी ठेवतो आणि निघतो. कुठं निघाला, हे ती विचारत नाही.