खिडकीखालचा सांबार

बागकामातलं मला काय कळत होतं म्हणाल, तर कुदळ कोणत्या टोकानं धरायची तेवढं. तेही आईनं सांगितलं म्हणून.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याजवळ खारपाणपट्ट्यातल्या एका गावी माझी मास्तर म्हणून बदली झाली. मला नि बायकोला शाळेमागं दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांच्यामागं ओसाड अंगण. अमरावतीहून आई आली ती मूत्रपिंडाचं दुखणं घेऊनच. तिनं जन्मभर कॅम्पातल्या बंगल्यांच्या बागा निंदल्या होत्या, पण आपलं म्हणावं असं एक रोप तिला कधी लाभलं नव्हतं. खिडकीशी तिची खाट टाकली, तशी बाहेर बघून म्हणाली, "एवढी जागा हाये. एकडाव आपल्या वाफ्यातला सांबार खाऊ घाल मले." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

डॉक्टरांनी बजावलं होतं की विहिरीचं खारं पाणी तिला थेंबभरही द्यायचं नाही; गोडं मात्र दिवसाला चार तांबे पाजायचं. गोडं पाणी दुरून बैलगाडीवर यायचं, घरटी दोन घागरी. धुणं-आंघोळी विहिरीवर.

मी वांगी लावली, मिरच्या लावल्या आणि खिडकीखाली स्वयंपाकघरातले धने पेरले. अख्खे. आईनं कपाळाला हात लावला. धने चपलेखाली रगडून, दोन फाका करून पेरतात, हे शिकलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पुन्हा पेरले. पाणी अर्थातच विहिरीचं. अमरावतीच्या गोड्या पाण्यावर वाढलेला मी. झाडाला पाण्याची चव कळते हे माझ्या गावीही नव्हतं. रोपं माना टाकू लागली की मी आणखी बादल्या ओतायचो. मातीवर पांढरा थर आला. शेजारचे म्हातारबाबा कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिले नि म्हणाले, "मास्तर, लोणचं घालून राहिले काय?"

वांगी गेली, मिरच्या गेल्या. माझं शहाणपण तेवढं टिकून होतं.

आणि खिडकीखाली सांबार उगवला. हातभर लांबीची एकच ओळ, पण हिरवीगार. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं की पाणी नेमानं घातलं तर खाऱ्या मातीतही पिकतं. एका मास्तरांना तर घरी आणून ओळ दाखवली. आईच्या वरणावर चिमूटभर पानं तोडून घातली, तेव्हा तिनं भाताचे चार घास जास्त खाल्ले. ताट सारून म्हणाली, "तुह्या हाताले गुण हाये बापा."

त्या शब्दांवर मी महिनाभर फुगून फिरलो.

तिच्या पायांवर मात्र सूज चढत होती. मग चेहऱ्यावर आली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, पाणी नीट पितात ना? मी छातीठोकपणे सांगितलं, चार तांबे, रोज, मी स्वतः भरून ठेवतो आणि संध्याकाळी रिकामे उचलतो. होळीच्या आधी आई गेली.

दिवसकार्य उरकेपर्यंत वाफ्याकडं कुणी पाहिलं नाही. नंतर मी नेमानं विहिरीच्या बादल्या घालू लागलो. तिची तेवढीच खूण राहिली होती. आठ दिवसांत ओळ पिवळी पडली आणि बसली. मी बायकोला म्हणालो, कीड लागली असेल. ती भांडी घासत होती. हात थांबवून तिनं खिडकीकडं पाहिलं.

"तुमी शाळेत गेले का दुपारी खिडकीखालची माती वली दिसे," ती म्हणाली. "मले वाटे, त्या चूळ भरतात."

मी खिडकीशी गेलो. खाट अजून तिथंच होती. खाटेवरून हात बाहेर काढला तर जेवढं पोचतं, तेवढीच ती ओळ होती.

आता अमरावतीला घर आहे, अंगण आहे, नळाला गोडं पाणी येतं. शेजारीपाजारी मोगऱ्याची फांदी माझ्याकडून लावून घेतात. म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. मी हो म्हणतो आणि फांदी लावून देतो. सांबार आम्ही बाजारातून आणतो.