रश्श्याची अब्रू

आणे गावच्या पठारावर मासवडी घरोघरी होते. पण खरी मासवडी फक्त माझ्याच हातची, असं मला पार पन्नाशी ओलांडेपर्यंत वाटत होतं. नातवंडं विचारतात, "आज्जी, तू एवढी शिष्ट होतीस?" शिष्टाच्या पुढंही एक पायरी असते, मी तिच्यावर मांडी घालून बसले होते.

त्या दुपारी राजुरीचे पाहुणे जेवायला होते. तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या वळल्या, सोबत लालभडक रस्सा. पाहुण्यांनी वाट्यावर वाट्या रिचवल्या. मग आम्ही बायका बसलो. माझं ताट संपतं न संपतं तोच छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. जबडा ठणकायला लागला, घाम फुटला. आणि मनात पहिला विचार आला तो देवाचा नाही, नवऱ्याचा नाही. पाहुणे अजून ओट्यावर सुपारी कातरतायत, आत्ता मी आडवी झाले तर रश्श्याला नाव ठेवतील!

थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, टक लावून बघत होत्या. त्यांच्या मते मी रश्श्यात मिरची घालायची आणि चव विसरायची.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"सकाळपास्नं जरा पित्त हाय, आक्का."

एकदा सकाळ म्हटल्यावर मग सकाळच धरून बसले.

ह्यांनी काही ऐकलं नाही. शेजारच्यांच्या जीपमध्ये घातलं, आक्का आधाराला बसल्या, घाट उतरून आळेफाट्याच्या दवाखान्यात आलो. डॉक्टर तरुण होते. छातीला तारा लावून त्यांनी कागद काढला, त्यात ठळक काही दिसेना. मग नवीनच आलेली एक पट्टी काढली. तिच्यावर रक्ताचे थेंब टाकायचे. हृदयाला इजा झाली असेल तर खाटेजवळच, थोड्या वेळात, दुसरी रेघ उमटते. उमटली नाही.

"बघा! मी म्हणत नव्हते?" म्हणत मी पायानं चपला चाचपू लागले.

डॉक्टरांनी मात्र पुण्याच्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ही पट्टी कशी वापरायची ते त्यांनीच शिकवलं होतं म्हणे. स्पीकरवरून आवाज आला, "दुखणं कधी सुरू झालं?"

"मावशी?" डॉक्टर माझ्याकडे वळले.

"सकाळी. चूल पेटवायच्या आधी." 'आधी'वर मी चांगला जोर दिला.

"सकाळपासून असेल तर एव्हाना रेघ दिसायला हवी होती," पुण्याचा आवाज म्हणाला. "पण वेळेची खात्री करा. दुखणं आत्ताचं असेल तर कोऱ्या पट्टीवर विसंबू नका. ठेवून घ्या, काही तासांनी परत रक्त तपासा."

मी छताचा पंखा बघत बसले. आक्कांना मात्र राहवेना.

"सकाळी कसलं व्हतं हिला! सकाळी तर माझ्याशी मिरच्यांवरनं खणखणीत भांडत व्हती. ताटावरनं उठली नि पांढरी पडली. डाक्टर, त्या रश्श्यानंच झालंय, मी लिहून देते!"

"अगं, खरं सांग," हे म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, म्हणून माझा सूर खाली आला.

"जेवल्यावरच. पण रश्श्याला काय बोलायचं नाय."

"रश्श्याचं नंतर बघू," फोन म्हणाला. "त्यांना हलू देऊ नका."

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरांनी दुसरी पट्टी काढली. आधी काही नाही, मग फिकट, मग कुंकवाची काडी ओढावी तशी स्पष्ट रेघ. तारांचा कागदही आता बदलला होता. डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्यायला गाडी मागवली. हे सामान आणायला धावले.

आक्कांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलेलं.

"मी आपली चिडवत व्हते गं. तुझ्या रश्श्यात कंदीच खोट नव्हती. लई गोड हात हाय तुझा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला.

"आक्का, थांबा. ह्यांना येऊ द्या, त्यांच्यासमोर म्हणा."

डॉक्टरांनी मास्क परत माझ्या तोंडावर दाबला.