चालती पांदण

आमच्या शेताला आज वाट आहे ती शेजारच्या रानातल्या काकूंमुळे, हे आधी सांगते. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून, एवढंच. त्यांच्या रानाला सडकेकडून वेगळी वाट आहे. तरी त्या रोज सकाळी दोन म्हशी घेऊन मुद्दाम आमच्या पांदणीतून जात राहिल्या.

भूकंपात माझे वडील गेले. तेव्हा मी सातवीत. पत्र्याच्या शाळेत थोडे दिवस बसले, मग आईच्या हाताखाली शेतात. गाव उठून सडकेच्या अंगाला नवीन वसलं. सरळ रांगा, रुंद रस्ते, घरावर नंबर. पक्की घरं मिळाली, ते उपकार मी विसरत नाही. पण गुरं कुठं बांधायची, शेताला कुठून जायचं, हे आखणाऱ्यांनी कुणाला विचारलं नाही. जुन्या गावातून रानात जाणारी पांदण, दोन्ही अंगांना निरगुडी असलेली गाडीवाट, नव्या गावाच्या पाठीशी पडली. बाकीच्यांनी सडकेवरून वाटा काढल्या. आमचं रान आत, चहूबाजूंनी दुसऱ्यांची शेतं. आम्हाला पांदणीशिवाय गत नव्हती.

पुढं माझं लग्न झालं, मी सुरतेला गेले. तिथं साड्यांना खडे चिकटवते. इकडं आईचे गुडघे गेले, रान पडीक राहिलं, पांदणीत गवत माजलं.

त्याच सुमाराला लातूरचे क्लास फुगले. डॉक्टर व्हायला पोरं कुठून कुठून येऊ लागली. शहरात खोल्या पुरेनात, तेव्हा क्लासवाले सडकेनं आमच्याकडं सरकले. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या. पांदणीच्या तोंडाचं रान एका क्लासनं वसतिगृहासाठी घेतलं. त्यांच्या नकाशात पांदण नव्हतीच. तिच्या जागी भिंत होती.

त्यांचा माणूस आईकडं आला. "मावशी, वाट नसलेलं रान कोण घेणार? आम्हालाच देऊन टाका."

आईनं फोनवर हे सांगितलं आणि माझ्या हातातला खडा भलत्याच फुलावर चिकटला. मला आधीच कशाचीही धास्ती. वाट गेली की रान गेलं, आणि आईकडं दुसरं काही नाही. आमच्याकडं वाट टिकते ती वहिवाटीनं. कुणी चालत असेल तर ती आहे. आता चालणार कोण? मी रोज सांजेला फोन करायची, "आई, पांदण चालू हाय का?"

"तुझी काकू जायलीय की रोज. तू जेव आधी."

आईनं तहसिलात अर्ज दिला. साहेब जागा बघायला येणार म्हटल्यावर मी सुट्टी काढून आले. बघते तर पांदणीच्या तोंडावर पाया खोदलेल्या मातीचा ढीग. क्लासचा इंजिनिअर साहेबांना दाखवत होता, "इथून शेळी जाणार नाही, साहेब. वापरच नाही."

मी काकूंकडं वळले. "काकू, आता काय वो?"

"गप उभी ऱ्हा, माय. म्हशी यायल्यात."

काकूंनी त्यांना वळणावरच सोडलं होतं आणि स्वतः आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हशी एकट्याच आल्या. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ढिगाला वळसा घातला, निरगुडीच्या फटीतून आत शिरल्या आणि चालू लागल्या. साहेब त्यांच्या मागं, आम्ही साहेबांच्या मागं. इंजिनिअरचा बूट शेणात गेला. म्हशी थांबल्या त्या थेट आमच्या विहिरीच्या हौदाशी. काकू तो रोज शेंदून भरत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"यांना कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडं कुठला क्लास, साहेब. रोज येतात," काकू म्हणाल्या.

"म्हशींची साक्ष धरणार का आता?" इंजिनिअर म्हणाला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी वाटेतलं वाळलेलं शेण बघितलं, खुरांनी पडलेली पायवाट बघितली आणि तलाठ्याला म्हणाले, "वाट वापरात आहे. लिहा."

भिंत झाली, पण तिच्यात गाडी जाईल एवढी जागा सुटली. आता रान बटईनं दिलंय, तूर उभी आहे. तरी वॉचमन मधूनच तिथं साखळी लावतो. काकू ती काढून बाजूला टाकतात आणि जातात.

सुरतेतले गाववाले म्हणतात, "विकून टाक आन पोरीला क्लासला घाल." पोरीला मी घालीनच. क्लासशी माझं वैर नाही, वसतिगृह खुशाल राहू दे. पण रान ठेवायचं का विकायचं हे माझी आई ठरवील. वाट बुजवून तिच्याकडून कुणी हो म्हणवून घ्यायचं नाही. मी शाळा सोडलेली बाई आहे, वाट सोडलेली नाही. पुन्हा माती टाकली तर पुन्हा अर्ज देऊ आणि पुन्हा म्हशी सोडू.

परवा काकू फोनवर म्हणाल्या, "आता पाय वढत न्हाईत गं." तेव्हापासून जिवाला घोर आहे.

काकू, तुमचं चालणं माझ्या अंगावर उसनं आहे. पोरगी मार्गाला लागली की मी इथलं काम सोडून येणार. म्हशी मी नेईन, हौद मी भरीन. तुम्ही नुसतं बांधावर बसायचं आणि मी चुकले तर शिव्या घालायच्या.