बंद दाराला लावलेला कौल

आमच्या कामथडीत गेनबा तात्यांसारखा शांत माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्यासारखा वैताग आणणाराही. कारण काहीही ठरवायचं असलं की तात्या टेकडीवर वाघजाईकडे जाणार. चाफ्याच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. कुठला बैल घ्यायचा, विहीर कुठं खोदायची, सगळं देवीनं ठरवलेलं. मी त्यांना चिडवायचो, "तात्या, आज भाजी कुठली करायची तेबी इचारून या." ते हसायचे आणि तंबाखू मळत बसायचे.

एकदाच त्यांनी विचारलं नव्हतं. धाकट्या भावाला घाईघाईनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं, तो परत आलाच नाही. तेव्हापासून तात्यांनी कौलाला जास्तच घट्ट धरलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाळाबाई काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, धाप लागली. जवळच्या मंगल कार्यालयात खाटा टाकल्या होत्या, तिथं त्यांना ठेवलं. माझ्या जीपची नसरापूर-वेल्हे वडाप, म्हणजे सीटा भरून नेणं, लॉकडाऊनमुळं बंदच होती, म्हणून मी तिच्यातनं पेशंट पोचवायचं काम करायचो. त्या सकाळी तिथल्या डॉक्टरीण बाई, सुलक्षणा मॅडम, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पुण्यात एक बेड मिळालाय. आत्ता निघा. उशीर केला तर जाईल."

मी जीप चालू केली. तात्या उभेच.

"मानसिंगा, म्या देवीला इचारून येतो."

"तात्या, डोकं फिरलंय का? बेड थांबतोय व्हय?"

"भावाच्या टायमाला असंच बोलला हुतास तू," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. दवाखान्याच्या कागदावर सहीला दुसरं कोणी नव्हतं, मुलगा सुरतेला अडकलेला. मला इतका संताप आला, की वाटलं उचलून जीपमध्ये कोंबावं. पण म्हाताऱ्याच्या अंगाला हात कसा लावणार? टेकडीच्या पायथ्यापर्यंत मीच जीपनं नेलं, आणि मागोमाग चढलो.

वरून सगळा मुलूख दिसतो. पश्चिमेला राजगड, तोरणा, खाली रिकामा हायवे. एरवी रविवारी पुण्याची पोरं फोटो काढायला गर्दी करतात. त्या दिवशी वारा आणि आम्ही दोघं. देवळाला भलंमोठं कुलूप, दाराला चिकटवलेला 'दर्शन बंद'चा कागद. किल्ली पोलीस पाटलांकडे, आणि पोलीस पाटील स्वतःच पॉझिटिव्ह येऊन घरात कोंडलेले. देवळं बंद असल्याचं तात्यांना ठाऊक होतं. पण देवी आपल्याला तरी बाहेर ठेवणार नाही, असं त्यांना मनातून वाटत असावं.

त्यांनी दाराला डोकं टेकलं. मग तांब्यातल्या पाण्यात पाकळ्या बुडवल्या आणि दाराच्या दोन्ही फळ्यांना एकेक चिकटवली.

"आई, हितनंच सांग. बाळाबाईला पुण्याला न्यू का नको?"

पाकळ्या पडेनात. तापलेल्या लाकडाला चिकटूनच बसल्या. तात्यांनी त्या काढल्या, पुन्हा भिजवल्या, पुन्हा लावल्या. मी आधी ओरडलो, मग हात जोडले. ते हलले नाहीत. कौल मागितला की उत्तर येईपर्यंत उठायचं नसतं, हे मलाही लहानपणापासून माहीत. मीही येड्यासारखा त्या उजव्या पाकळीकडे बघायला लागलो. पड गं बाई, पड.

माझा मोबाईल वाजला. सुलक्षणा मॅडम होत्या. "कुठे आहात तुम्ही? बेड दुसऱ्याला दिला हो त्यांनी." त्या रागावल्यासुद्धा नाहीत, त्यांचा आवाजच दमलेला होता.

मी तात्यांना सांगितलं. ते कौल तसाच टाकून उठले. असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. उतरताना मी त्यांना दंडाला धरलं. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण द्यायच्या कुणाला?

आम्ही परत आलो तर मॅडम दारातच होत्या. "इथला ऑक्सिजन संध्याकाळपर्यंत पुरणार नाही. छोटा सिलिंडर देते. पुण्याकडे निघा, वाटेत फोन करत राहा. कुठेतरी मिळेल."

काकूंना मागच्या सीटवर झोपवलं. मास्कच्या आतून त्यांनी विचारलं, "काय म्हनली आई?"

तात्यांनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"उजवा दिला," ते म्हणाले. "लगीच दिला."

काकूंच्या चेहऱ्यावरची भीती पार निवळली. त्यांनी डोळे मिटले. मला आरशात बघवेना.

हायवेला लागलो आणि मी गाडी हळू केली. पुण्यात दवाखाने ढीगभर, पण जायचं कुठं? "तात्या, कुठल्या दवाखान्यात घेऊ?"

तात्या माझ्या खांद्याजवळ वाकले, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले.

"तूच सांग, मानसिंगा."